इस्त्रीच्या वेळची खिडकी

मंगळवार, १४ मार्च
संध्याकाळचे सात

प्रिय ताई,

पाकीट बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणाला काही झालेलं नाही. रोज फोनवर डोकं खाणाऱ्या धाकट्या बहिणीने एकाएकी पत्र लिहायला घेतलं म्हणजे तुझ्या मनात नको ते येणार, म्हणून हे आधीच लिहून टाकते.

मी बरी आहे. गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना मात्र शहाण्यासारखा वागतो. खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या आजोबांनी पुन्हा कानाचं यंत्र हरवलं आणि तीन दिवस सगळ्या इमारतीला शोधायला लावून ते स्वतःच्याच खिशातून काढलं. तू शिवून पाठवलेला कोट छान बसला. बाह्या तेवढ्या अर्धा इंच लांब आहेत. आईसारखीच तुझीही समजूत, की मी अजून वाढतेय! पन्नाशी आली आता माझी.

मनी माझ्याकडेच आहे. आतल्या खोलीत पडलीय. थोडं जेवली. दम्याचा पंप तिच्या उशाशी आहे, मी दोनदा बघून आले. तू काळजी करू नकोस.

आज सभागृहात तो धुराचा कायदा होता. ज्या घरात अठरा वर्षांखालचं मूल आहे त्या घराच्या चार भिंतींच्या आत सिगारेट ओढायची नाही, ओढली तर दंड, दुसऱ्यांदा ओढली तर आठवडाभर कोठडी. शेजाऱ्याने किंवा खुद्द मुलाने तक्रार केली की निरीक्षक दारात. आपल्या मनीने वर्षभर चपला झिजवून याच कायद्यासाठी सह्या गोळा केल्या, हे तुला माहीतच आहे. तिला आज प्रेक्षकांच्या गॅलरीत बसायचं होतं, म्हणून पास मीच मिळवून दिला. तसं करायला नको होतं, पण ते नंतर.

वाद मात्र काय रंगला म्हणून सांगू! ते टकले वकीलसाहेब उठले आणि म्हणाले, "आज सिगारेट, उद्या तळण, परवा बायकोशी चढ्या आवाजात बोलणं. सरकारला माझ्या घरात यायचं असेल तर आधी दारात चपला काढायला सांगा!" सगळे हसले. मग शाळामास्तर होते ते सदस्य उठले. ते म्हणाले, "घर तुमचं, मान्य. पण पोराची छाती तुमची आहे का? रस्त्यावर एकाने दुसऱ्याच्या पोराचा गळा धरला तर तुम्ही पोलीस बोलावता. घरात बापाने धरला की तो खाजगी प्रश्न कसा होतो?" त्यावर कुणी हसलं नाही. मला दोघांचंही पटलं. अर्थात आम्हा लघुलेखकांना काही पटायचं नसतंच, आम्ही नुसतं लिहायचं. आमच्या साहेबांचं पहिल्या दिवसाचं वाक्य अजून लक्षात आहे: "तुमचं मत घरी खुंटीला टांगून यायचं." सव्वीस वर्षं मी ते टांगून येतेय.

कायदा पडला. सात मतांनी.

तुला वाटेल मनी त्यामुळे आडवी झालीय. तेवढंच असतं तर मी फोन केला असता, दोघींनी मिळून तिची समजूत काढली असती.

ताई, आमचं काम कसं चालतं ते तुला कधी नीट सांगितलंय का? आम्ही दहा-दहा मिनिटं आत बसतो. दहा मिनिटं झाली की दुसरी येऊन शेजारी बसते, तिचा हात चालू झाला की आपण उठायचं, बाहेर येऊन आपल्या दहा मिनिटांचं टंकलेखन करायचं. आत असताना ऐकायचं, पण समजून घ्यायचं नाही. समजून घ्यायला गेलं की हात मागे पडतो. नवीन मुली भाषणात रमतात आणि चार वाक्यं गमावतात. जुन्यांच्या कानातून शब्द सरळ बोटांत जातो, डोक्याला पत्ताच नसतो. मला तर लिहिता लिहिता संध्याकाळच्या भाजीचा विचार करता येतो आणि तरी एक शब्द सुटत नाही. याचा मला फार अभिमान होता.

आज माझी दहा मिनिटं साडेतीनला होती. बोलत होत्या आमच्या डॉक्टरबाई, म्हणजे त्या सदस्य, आधी दवाखाना चालवायच्या त्या. मी पानं भरली, उठले, बाहेर आले. चहा घेतला. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला कोटाच्या बाह्या दाखवल्या. मग वही उघडली आणि

मनी उठली वाटतं. थांबते.

बुधवार, १५ मार्च
सकाळचे दहा

आज रजा टाकलीय. काल वाक्य अर्धवट सुटलं. वाक्य अर्धं सोडायची मला सवय नाही, म्हणून तिथूनच पुढे लिहिते.

वही उघडली आणि टंकायला लागले. तिसऱ्या पानावर बोटं थांबली. आधी वाटलं, मीच चुकून काहीतरी भलतं लिहिलंय. लघुलिपीत एखादी रेघ इकडची तिकडे झाली की अर्थ बदलतो. पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं. माझ्याच हातची, एकही रेघ न हललेली अक्षरं होती. खाली जे होतं ते जसंच्या तसं उतरवते. तू बसून वाच.

"अध्यक्ष महोदय, मी एक घर सांगते. नाव सांगणार नाही. आई शिवणकाम करते. मुलीच्या छातीत जन्मापासून घरघर. मुलगी बारा वर्षांची असताना एकदा दवाखान्यात नेली, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरात सिगारेट कोण ओढतं? बाप म्हणाला, मी. तो ओढायचा, पण जिन्यात उभा राहून, दिवसाला एखादी. घरात ओढत होती ती आई. मुलगी पोटात होती तेव्हाही. शिवणयंत्राच्या खणात पाकीट असायचं आणि इस्त्री तापली की ती खिडकी उघडायची, म्हणजे वाफेबरोबर धूर जातो आणि कुणाला कळत नाही. त्या दिवशी ती शेजारीच उभी होती, पण बोलली नाही. बाप मुलीच्या मनातून उतरला, पुढे घरातूनही गेला. तो आजही गप्प आहे. आता मला सन्माननीय सदस्यांनी सांगावं, तुमचा निरीक्षक त्या घरात गेला असता तर त्याने कुणाला धरून आणलं असतं? ज्याने 'मी' म्हटलं त्याला! आणि जी बाई पोटच्या पोरीच्या श्वासासाठी थांबू शकली नाही, ती तुमच्या दंडाला घाबरून थांबली असती? तिला शिक्षेची नाही, मदतीची गरज होती. ती मागायला तिला तोंड नव्हतं, आणि तुमचा कायदा ते तोंड कायमचं शिवून टाकील."

कानांत नुसता आवाज. मैत्रीण विचारत होती, काय झालं, पाणी देऊ का, आणि मला तिचं तोंड हलताना दिसत होतं, बाकी काही नाही. तुझं गुपित भर सभागृहात बोललं गेलं, मी दोन हातांच्या अंतरावर बसून ते लिहून घेतलं, आणि त्या वेळी माझ्या डोक्यात फुलकोबी घ्यायची की वाटाणे, हे चाललं होतं.

आणि मग आठवलं, की मनी गॅलरीत आहे.

डॉक्टरबाईंना हे कुठून कळलं, हे तू आता विचारशील. कदाचित विचारणारही नाहीस. तू हे आयुष्यात एकाच माणसाला सांगितलंस. तीन वर्षांपूर्वी, आई गेल्यावर तिचं कपाट आवरताना. तिच्या जुन्या शालीत तोंड खुपसून तू सगळं सांगितलंस आणि म्हणालीस, "झाकली मूठ आहे गं, तू उघडू नकोस." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती.

मी सांगितलं. दोन आठवड्यांपूर्वी.

डॉक्टरबाई आपलं आधीचं भाषण तपासायला आमच्या खोलीत आल्या होत्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांचं मत ठरत नव्हतं. म्हणाल्या, "घरात कायदा शिरला की घर राहत नाही. पण मुलांचं काय?" आणि मग चष्मा काढून मला विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं दोन्ही बाजू लिहून घेताय. तुम्हाला काय वाटतं?"

ताई, सव्वीस वर्षांत मला हे कुणीही विचारलेलं नाही. आणि मी पाघळले. मला मनीचा कायदा व्हायला हवा होता, हे खरं. पण सगळं खरं लिहायचं तर मला त्या बाईंसमोर वाद जिंकायचा होता. मी आधी नाव न घेता मनीच्या छातीचं सांगितलं, त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. मग मी म्हटलं, माझ्या ओळखीचं एक घर आहे. बहिणीचं असं म्हटलं नाही, एवढीच माझी अक्कल. पण इस्त्रीची खिडकी सांगितली, यंत्राचा खण सांगितला, सगळं बारीकसारीक सांगितलं. कायदा असता तर त्या आईला थांबायला निदान एक कारण मिळालं असतं, असं म्हटलं. चष्मा चढवून, विचार करते म्हणत त्या गेल्या. मला वाटलं, जिंकले. त्या संध्याकाळी मी रस्त्याने गुणगुणत घरी आले!

आणि बाईंनी तीच गोष्ट उचलून कायद्याच्या विरोधात वापरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वाईट याचं वाटतं, की त्यांचं म्हणणं माझ्यापेक्षा खरं होतं. भावोजींनाच धरून नेलं असतं. तीन वर्षं सगळं ठाऊक असून मी जे पाहिलं नाही, ते त्यांनी तुला न बघता पाहिलं.

पाच वाजता मनी आमच्या खोलीत आली. गॅलरीचा पास हातात चुरगळलेला. रडलेली नव्हती. मी म्हटलं, "बस, पाणी घे." तिने विचारलं, "मावशी, साडेतीनला तूच होतीस ना खाली? मला तुझा अंबाडा दिसत होता." मी हो म्हटलं.

"वहीतलं वाच."

"टंकून झालंय, हे घे."

"नाही. वहीतलं. तुझ्या तोंडून."

वहीतल्या रेघा तिला वाचता येत नाहीत. त्या खोलीत त्या क्षणी मी काहीही वाचू शकले असते. आई ऐवजी आजी म्हटलं असतं, शिवणकाम ऐवजी विणकाम. माझ्या मनात ते आलं, खोटं कशाला बोलू? पण सव्वीस वर्षांच्या सवयीने जीभ वळेना. वाचत गेले. "इस्त्री तापली की" इथवर आले आणि मनी माझ्याआधीच म्हणाली, "खिडकी उघडायची." मग म्हणाली, "थंडीत मी कुडकुडायचे. मी म्हणायचे, आई, बंद कर ना. तर ती म्हणायची, वाफेने तुझी छाती भरेल, पिल्ला."

बोलता बोलता तिचा श्वास वाजायला लागला, तीच लहानपणची घुरघुर, जिच्यावरून तू तिला मनी म्हणायला लागलीस. मी पंप पुढे केला. तिने घेतला.

"हे शब्द त्या बाईंचे नाहीत," ती म्हणाली. "हे आईचे आहेत. आणि आई हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?"

पोरगी हुशार आहे. तुझीच आहे.

मला वाटलं होतं ती माझ्यावर ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मावशी, मी दोनशे घरांत गेले. दोनशे घरांत बसून सांगितलं, की माझ्या बापाने माझी छाती जाळली. लोकांनी त्यावर सह्या दिल्या." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि समितीपुढे मी साक्ष दिली, ती कुणी लिहून घेतली होती?"

मीच, ताई. हे मी तुला कधी सांगितलं नाही. गेल्या हिवाळ्यात ती समितीपुढे उभी राहून बापाबद्दल बोलली तेव्हा समोर वही घेऊन मी होते. तेव्हा मात्र माझं डोकं चालू होतं, एकेक शब्द कळत होता, आणि तो खोटा आहे हेही कळत होतं. तुझी शपथ पाळली म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. जिथे तोंड उघडायचं तिथे गप्प बसले आणि जिथे गप्प बसायचं तिथे उघडलं.

एवढ्यात डॉक्टरबाईच आल्या, भाषण तपासायला. हसत आल्या आणि आमच्याकडे बघून दारातच थबकल्या. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. मनीच्या हातातला पंप, माझा चेहरा, उघडी वही. त्यांनी भिंतीला हात टेकला. "तुमची बहीण?" एवढंच म्हणाल्या. मग घाईघाईने सांगायला लागल्या, की सभागृहाच्या कामकाजाची छपाई उद्या दुपारपर्यंत होणार नाही, अध्यक्षांना विनंती करून सगळा परिच्छेद काढून टाकता येईल, त्या आत्ता जातात.

मनी म्हणाली, "काही काढू नका. आमच्या घरात काय झालं ते पहिल्यांदाच कुणीतरी खरं सांगितलंय."

बाई रडल्या. मनी नाही.

रात्री मनीने मला एकच विचारलं, आई अजून ओढते का? मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, ताई. तीन वर्षांत मी तुला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तुझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेण्यापेक्षा तुला हाताला धरून कुणाकडे तरी घेऊन जायला हवं होतं. हे मला माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल एका परक्या बाईच्या भाषणातून कळावं!

आज सकाळी आठच्या बसने मनी गेली. तुझ्याकडे नाही. भावोजींकडे. नऊ वर्षांत ती त्या गावाला गेलेली नाही. त्यांच्या छापखान्याचा पत्तासुद्धा तिला माझ्याकडून घ्यावा लागला. टंकलेलं ते पान तिने घडी करून पर्समध्ये ठेवलं. मी म्हटलं, पत्र अर्धं राहिलंय, त्यापेक्षा आईला फोनच करू? ती म्हणाली, "फोन नको. फोनवर ती काहीतरी कारण काढून ठेवून देईल. लिही तिला. शनिवारी मी येतेय तिच्याकडे, त्याच्या आत तिला कळलेलं असू दे. आणि मी रागावले नाही असं मात्र लिहू नकोस." म्हणून ते लिहीत नाही. पण जाताना ती दारातून परत वळली आणि म्हणाली, "तिने ते पान वाचलं पाहिजे, शेवटपर्यंत. मदतीचं आहे तिथपर्यंत." तेही तिचेच शब्द, मी माझं काही घातलेलं नाही.

कायदा हवा होता की नको, हे आता मला कुणी विचारू नये. माझं मत पुन्हा खुंटीवर गेलं.

हे पाकीट दुपारच्या कुरियरने टाकते, उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल. खरं तर इथे पत्र संपवून सही करणार होते, तेवढ्यात फोन वाजला.

भावोजी होते. छापखान्यातून, मागे यंत्रांचा खडखडाट. ओरडून बोलत होते, "अगं, मनी आलीय! दारात उभी आहे. मला बाबा म्हणाली." मग आवाज बसला त्यांचा. मी म्हटलं, भावोजी, तिला सगळं कळलंय. पलीकडे त्यांनी कुणाला तरी यंत्र बंद करायला सांगितलं. मग ते बोलले, आणि अकरा वर्षं गप्प राहिलेल्या माणसाने पहिलं काय बोलावं! म्हणाले, "तुझ्या ताईला कळव. माझ्या तोंडून गेलं नाही म्हणावं."

कळवते, ताई. त्यांच्या तोंडून गेलं नाही. माझ्या गेलं.

मला दार उघडशील की नाही ते ठाऊक नाही, पण शनिवारी मनीच्या मागोमाग मीही तुझ्या जिन्यात येऊन उभी राहणार आहे.

जी अजून वाढतेय असं तुला वाटत होतं, ती तुझी
धाकटी